रात्री घट्ट, सकाळी पातळ

मुलीच्या खालच्या दोन्ही अक्कलदाढा एकाच बैठकीत काढल्या. निघताना डॉक्टरांनी बजावलं, काही दिवस मऊ आणि गार खायचं, टणक काही नाही, आणि स्ट्रॉनं तर काहीच ओढायचं नाही. ओढलं की जखमेवर धरलेली रक्ताची गुठळी निसटते आणि मग खरं दुखणं सुरू होतं. आईस्क्रीमची चैन दीड दिवस टिकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं सुजलेला गाल उशीला टेकवून, ओठ शक्य तितके कमी हलवत फर्मान काढलं, "बाबा, चॉकलेट पुडिंग कर. पाकिटातलं नको. जुन्या पद्धतीचं, गॅसवर शिजवलेलं."

मला वाटलं, त्यात काय एवढं? दूध, साखर, कोको, कॉर्नफ्लोअर. अर्ध्या तासाचं काम. प्रत्यक्षात त्या आठवड्यात मी ते चार वेळा केलं, आणि चौथ्यांदा जमलं तोवर तिची सूज उतरून गेली होती.

पुडिंग हा शब्दच मुळात फसवा आहे. ब्रिटिश माणसाच्या तोंडी त्याचा अर्थ जेवणानंतरचं कुठलंही गोड असा होतो, वाफवलेला केक असाही होतो, आणि रक्त घालून केलेल्या सॉसेजलाही ते लोक ब्लॅक पुडिंगच म्हणतात. मुलीला हवं होतं ते अमेरिकन घरांमधलं पुडिंग. दूध स्टार्चनं दाट करायचं, त्यात चॉकलेट विरघळवायचं, गार करून चमच्यानं खायचं. भाजणं नाही, वाफवणं नाही, जिलेटिन नाही. पाकिटातल्या झटपट पुडिंगमधला स्टार्च कारखान्यातच शिजवून वाळवलेला असतो, म्हणून तो गार दुधातही फुगतो. घरच्या पुडिंगमध्ये तो शिजवायचं काम आपल्याकडे येतं. हे मी पहिल्याच दिवशी कुठेतरी वाचलं होतं. वाचलं आणि पुढे गेलो.

दोन-चार कृती पाहून मी माझं माप ठरवलं, आणि गंमत म्हणजे हे माप शेवटपर्यंत बरोबरच निघालं. दूध ६०० मिली, साय न काढलेलं. साखर १०० ग्रॅम. कोको २५ ग्रॅम, कॉर्नफ्लोअरही २५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन मोठे चमचे. तीन अंड्यांचे पिवळे बलक. १०० ग्रॅम गडद चॉकलेट, बारीक चिरलेलं. शेवटी घालायला चमचाभर लोणी, एक छोटा चमचा व्हॅनिला, आणि मीठ पाव चमचा. यात सहा लहान वाट्या होतात. कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरीशुभ्र, बोटांत चिमटीत धरली तर कुरकुरणारी पूड. मक्याचं पिवळं पीठ नव्हे. काही देशांत याच नावानं पिवळं पीठ मिळतं, तेव्हा परदेशी कृती वाचताना जरा सांभाळून.

आता माझी एक जुनी जखम सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यापासून सुरू होतो. पूर्वी कधीतरी मी नुसत्या अंड्यांचं कस्टर्ड करायला गेलो होतो. स्टार्च नव्हताच त्यात. दूध जरा जास्त तापलं आणि डोळ्यांदेखत पातेल्यात अंड्याची भुर्जी झाली. गोड भुर्जी. तेव्हापासून अंडं घातलेलं काहीही गॅसवर असलं की माझा हात आपोआप बटणाकडे जातो. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं.

पहिल्या दिवशी मी दूध तापत ठेवलं, साखर आणि कोको त्यात ओतला, आणि दूध चांगलं वाफाळल्यावर वरून कॉर्नफ्लोअर भुरभुरलं. एका क्षणात पातेल्यात पांढरट मोत्यांची पैदास झाली. मी फेटत राहिलो, मोती फुटेनात. एक चिमटीत दाबून पाहिला तर बाहेरून चिकट, पारदर्शक आणि आत कोरडी पूड! होतं असं की गरम दूध लागताच गुठळीच्या बाहेरचा स्टार्च लगेच फुगून त्याचं कवच होतं, आणि मग आतल्या पुडीपर्यंत पाणी पोहोचतच नाही. कोकोचीही वेगळीच तऱ्हा. त्याचे तपकिरी तवंग दुधावर फिरत होते, बुडायचं नाव नाही. १८२८ साली हॉलंडमध्ये व्हान हाउटेन यांनी कोकोतलं लोणी दाबून काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हापासून कोको ही सुटी पूड झाली. पण लोणी सगळं निघत नाही. नेहमीच्या कोकोतही दहा-बारा टक्के चरबी उरते, आणि चरबी म्हटल्यावर तिचं पाण्याशी वाकडंच.

शेवटी सगळं गाळणीतून काढलं. बलक फेटून त्यात थोडं गरम दूध घातलं, ते मिश्रण पातेल्यात परत ओतलं, आणि मग श्वास रोखून ढवळत बसलो. जरा वेळानं चमचा जड झाला. चमच्याच्या पाठीवर बोट फिरवलं तर रेघ राहिली. हीच ती खूण, म्हणून मी घाईघाईनं गॅस बंद केला. भुर्जी झाली नाही याचाच आनंद एवढा होता की चॉकलेट घालताना मी शीळ घालत होतो. वाट्यांमध्ये ओतलं तेव्हा ते छान दाट होतं. पोरीनं कोमट असतानाच अर्धी वाटी चाटून पाहिली आणि अंगठा वर केला.

सकाळी फ्रीज उघडला. वाटी तिरकी केली तर पुडिंग कडेला वाहत आलं. वाहत म्हणजे अगदी दुधासारखं.

"हे प्यायचं का?" मुलगी म्हणाली. "मला तर स्ट्रॉही चालत नाही."

बायकोनं तात्काळ निदान केलं. "अरे, गाळणीत काय राहिलं होतं? कॉर्नफ्लोअरच ना? मग घट्ट कशानं होणार?" बिनतोड होतं. मलाही पटलं. फक्त एक गोष्ट खटकत राहिली: रात्री ते घट्ट होतं. गाळणीत स्टार्च राहिला म्हणून पातळ झालं असेल तर रात्रीच पातळ दिसायला हवं होतं. गार झाल्यावर पदार्थ आणखी घट्ट होतो. हा उलटा प्रवास कसा? पण सकाळी सात वाजता मी एवढा विचार केला नाही.

दुसऱ्या खेपेला कॉर्नफ्लोअर दुप्पट, ५० ग्रॅम. न्यून राहायला नको. या वेळी ते आधी गार दुधात कालवलं, त्यामुळे गुठळी एकही झाली नाही. बलक मात्र घातले नाहीत, कारण घरात अंडी संपली होती आणि बाहेर पाऊस लागला होता. अंड्याशिवाय चालतं, असं कृतीतही लिहिलं होतं. चालतं खरंच. बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्डनं १८३७ मध्ये कस्टर्ड पावडर केली तीच मुळी बायकोला अंडी सोसत नव्हती म्हणून. अंड्याचं काम त्यानं कॉर्नफ्लोअरवर सोपवलं. आणि अंडं नसल्यामुळे माझीही भीती गेली होती. गॅस बंद करायची घाई नव्हती, पातेलं मस्त रटरटत होतं, चिखलाच्या डबक्यातून यावेत तसे जाड बुडबुडे फुटत होते. मी ते निवांत पाहत उभा होतो.

हे पुडिंग रात्रीतून पातळ झालं नाही. ते काहीच झालं नाही. वाटी उलटी केली तरी पडलं नाही. चमचा घातला तर तुकडा सुटून आला, त्याला धारदार कडा होत्या, आणि जिथून तुकडा काढला तिथे तासाभरात पाणी साठलं. चव पिठूळ, चॉकलेट कुठेतरी लांब, भिंतीपलीकडे बोलणाऱ्या माणसासारखं. जादा स्टार्च चव दाबतो हे मी ऐकून होतो, पण इतकी? अमेरिकेत थॉमस किंग्सफर्डनं १८४२ मध्ये मक्यापासून स्टार्च वेगळा काढायची रीत बसवली, तेव्हा तो आधी कपड्यांना खळ घालायला विकला जाई. खाण्यात तो नंतर आला. माझं दुसरं पुडिंग त्या पहिल्या वापराला अधिक जवळचं होतं. मुलीनं एक चमचा खाल्ला आणि सभ्यपणे म्हणाली, "हे चावावं लागतंय, बाबा."

तिसऱ्या खेपेला मी शहाण्यासारखा वागायचं ठरवलं. माप पुन्हा मूळचं. थर्मामीटर बाहेर काढला. आणि जी दोन कामं नीट जमली ती इथं सांगतो, कारण पुढेही मी ती तशीच केली.

पहिलं म्हणजे कोरडं सगळं आधी एकत्र करायचं. कोको, कॉर्नफ्लोअर, साखर आणि मीठ कोरड्या पातेल्यातच फेटणीनं फिरवायचं, कोकोच्या बारीक गोळ्या दिसेनाशा होईपर्यंत. साखरेचे कण कोकोच्या आणि स्टार्चच्या कणांमध्ये जाऊन बसतात आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. मग गार दूध, आधी अगदी थोडं. सगळं दूध एकदम ओतायचा मोह होतो. तो आवरायचा. अर्ध्या वाटीत घट्ट, चकचकीत लगदा करून घेतला की कोकोचा तवंग येतच नाही, कारण लगद्यात फेटणीला जोर मिळतो. पातळ दुधात कोकोचे गोळे तिला चकवतात. मग बाकीचं दूध हळूहळू घालायचं आणि त्यानंतरच गॅस पेटवायचा.

दुसरं म्हणजे पातेलं आणि चमचा. जाड बुडाचं पातेलं आणि सपाट कडेचा लाकडी चमचा. स्टार्च जड, तो तळाशी बसतो. दुधातली प्रथिनं तापली की तीही तळाला धरतात. मधल्या मध्ये गोल गोल ढवळत राहिलं तर तळाचा कोपरा, जिथे बुड आणि भिंत मिळतात, तसाच राहतो आणि पहिलं करपतं ते तिथेच. गोल चमचा त्या कोपऱ्यात शिरत नाही. मी आठाच्या आकारात ढवळत होतो आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी एकदा कडेकडेनं पूर्ण वळसा घेत होतो. आच मध्यम. यात फोन उचलायचा नाही. मी एकदा उचलला, वीस सेकंदांसाठी, आणि तपकिरी पापुद्रे वर आले. करपल्याचा वास चॉकलेटमध्ये लपतो असा माझा समज होता. लपत नाही.

बलक या वेळी नीट मुरवले. वाटीत बलक फेटून त्यात गरम दूध एकेक पळी, सतत हलवत, म्हणजे बलकांना एकदम चटका बसत नाही. मग ते पातेल्यात. थर्मामीटरचा काटा ७० ओलांडून गेला, मिश्रण अजून पातळच. ७५. मग एकाएकी, पाच-सहा फेऱ्यांत, चमच्याला ओढ जाणवायला लागली. हा क्षण मला फार आवडतो. इतका वेळ दूध असतं, आणि मग त्याला अचानक अंग येतं. ढवळल्याच्या रेघा पृष्ठभागावर क्षणभर थांबायला लागतात. ८० वर मी गॅस बंद केला. नुसतं अंडं या तापमानाच्या आसपासच घात करतं, हे मला ठाऊक होतं. चॉकलेट, लोणी, व्हॅनिला घातलं. सुरेख. रात्री घरातल्या सगळ्यांनी पाहून घेतलं की पुडिंग घट्ट आहे. मी अक्षरशः साक्षीदार गोळा केले.

सकाळी पातळ.

मी फ्रीजसमोर तसाच उभा राहिलो. गुठळ्या नव्हत्या. गाळलं नव्हतं. माप बरोबर होतं. बायकोनं मागून येऊन वाटी हलवून पाहिली आणि या खेपेला निदान केलं नाही. तिनं फक्त विचारलं, "रबराच्या वेळी काय वेगळं केलं होतंस?"

कॉर्नफ्लोअर दुप्पट, म्हणालो मी. आणि मग जरा थांबून: बलक नव्हते.

तेवढ्यावर शोध घेतला, तेव्हा उत्तर सापडलं. अंड्याच्या बलकात अमायलेज नावाचं एन्झाइम असतं, शाळेच्या पुस्तकात ज्याला विकर म्हणतात त्यातलं एक. त्याचं काम स्टार्चच्या लांब साखळ्या कापणं. आपल्या लाळेत असतं तेही याच कुळातलं. तोंडात घेतलेला पिठाळ घास चावता चावता गोडसर लागतो तो त्याच्यामुळे. पुडिंग घट्ट होतं ते स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात म्हणून, आणि त्यांच्यातून बाहेर आलेल्या साखळ्या गार होताना एकमेकींत गुंतून जाळं विणतात म्हणून. बलकातलं अमायलेज जिवंत राहिलं तर ते रात्रभर फ्रीजमध्ये बसून हे जाळं शांतपणे कापत राहतं. मिश्रण दाट होतं तेव्हा ते मरत नाही. त्याला उकळीपर्यंतची आच लागते, आणि तीही थोडा वेळ. ८० अंशांवर गॅस बंद करून मी अंडं वाचवलं होतं आणि अंड्यातल्या कात्रीलाही वाचवलं होतं.

मग जुन्या कृती पुन्हा वाचल्या. जवळजवळ प्रत्येकीत एक ओळ होती: बुडबुडे यायला लागल्यावर आणखी एक मिनिट, सतत ढवळत, उकळू द्या. कुठे एक मिनिट, कुठे दोन. मी ती ओळ तीन वेळा वाचली होती आणि तीनही वेळा मनात म्हटलं होतं की हे लिहिणाऱ्यांना अंड्याची भीती माहीत नाही. त्यांना ती होती. त्यांना हेही माहीत होतं की या पातेल्यात अंडं एकटं नाही. स्टार्च सोबत असला की फुगलेले कण अंड्याच्या प्रथिनांच्या मध्ये येतात, त्यांना एकमेकांना घट्ट धरू देत नाहीत, आणि म्हणून असं मिश्रण उकळलं तरी अंडं फाटत नाही. नुसत्या अंड्याच्या कस्टर्डचा नियम मी पुडिंगला लावत होतो. म्हणजे मला जे माहीत होतं ते खरंच होतं, फक्त दुसऱ्या पदार्थाबद्दलचं.

तरीही चौथ्या दिवशी हात थरथरला. वाचलेलं डोक्याला पटतं, हाताला पटायला वेळ लागतो. म्हणून मी दोन्हींची सोय केली. मिश्रण ८० अंशांना दाट झालं की त्यातल्या दोन वाट्या तशाच काढून घ्यायच्या, उरलेलं पुढे उकळायचं. एकच पातेलं, एकच दूध, तीच अंडी. सकाळी ज्याचं त्याला कळेल.

दोन वाट्या बाजूला काढल्या. बाकीचं पुन्हा आचेवर. ८५, ९०. इथे मिश्रणाचा आवाज बदलतो, आणि हे मला कुठल्याच कृतीत वाचायला मिळालं नव्हतं. आधी दूध तापल्याची बारीक सळसळ असते, मग दाटपणा आला की सगळं गप्प होतं, आणि या शांततेनंतर तळातून पहिला जाड बुडबुडा येऊन फुटतो. फप्प. सतत ढवळत असलो तर तो दिसतही नाही, म्हणून दोन सेकंद हात थांबवून पाहावं लागतं. थांबवला, आणि फप्प, फप्प, मग रटरट. एक थेंब उडून मनगटावर बसला. साखरेचं गरम मिश्रण कातडीला चिकटून राहतं, लगेच पुसता येत नाही, तेव्हा लांब दांड्याचा चमचा घेतलेला बरा. घड्याळ लावलं. त्या दीड मिनिटात मी पातेल्यात भुर्जी शोधत होतो. पहिला पिवळा धागा दिसतोय का, कडेला दाणे दिसतायत का. काही नाही. मिश्रण उलट अधिक तुकतुकीत झालं. काचेसारखी झाक आली त्याला, आणि चव घेतली तर मघाचा कच्च्या स्टार्चचा पिठूळपणा गेला होता. म्हणजे ते उकळणं नुसतं अमायलेज मारायला नव्हतं, स्टार्चही त्यातच पुरता शिजत होता.

इथून पुढे मात्र घाई करायची, कारण उकळत ठेवणंही वाईट. जास्त वेळ जोरात ढवळत शिजवलं तर फुगलेले कण फुटतात आणि दाटपणा पुन्हा उतरतो. गॅस बंद करून चिरलेलं चॉकलेट घातलं. कोकोचं लोणी ३४ अंशांच्या आसपासच वितळतं, त्यामुळे चॉकलेटला आचेची गरज नसते, पातेल्याची ऊब पुरे. मिनिटभर तसंच ठेवायचं आणि मग हलक्या हातानं मिसळायचं. हेच लोणी फ्रीजमध्ये परत गोठतं आणि पुडिंगला थोडा भरीवपणा देतं, म्हणून कोकोबरोबर खरं चॉकलेट घालायचं. नुसत्या कोकोचं पुडिंगही होतं, रंग सुंदर येतो, पण जिभेवर ते लवकर संपतं. मग लोणी. व्हॅनिला सगळ्यांत शेवटी, कारण त्याचा वास वाफेबरोबर उडून जातो. मीठ आधीच गेलेलं असतं. एकदा ते विसरून पाहा, चॉकलेट किती सपाट लागतं ते कळेल.

ओतताना वाट्या लहान घेतल्या. मोठ्या भांड्यात मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो, आणि दूध-अंड्याच्या पदार्थाला कोमट ठेवणं बरं नाही. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं. आणि एकदा ओतलं की ढवळायचं नाही. जाळं विणलं जात असताना चमचा फिरवला तर ते तुटतं आणि नंतर तितकं घट्ट विणलं जात नाही. पहिल्या दिवशी "बघू या, धरलंय का" म्हणून मी चार वेळा चमचा घातला होता, तेही त्या दिवशीच्या पापांत धरावं.

सायीवरून घरात दोन तट पडले. पुडिंग उघडं ठेवलं तर वरचा थर सुकून त्याची साय धरते, गडद, चिवट, जरा सुरकुतलेली. बायकोला ती नको. तिच्यासाठी दोन वाट्यांवर प्लास्टिकचा पातळ कागद थेट पुडिंगला चिकटवून लावला, मध्ये हवा न ठेवता. मुलीला साय म्हणजेच पुडिंग. मी कुठल्याच पक्षात नव्हतो. मला पातेलं मिळालं होतं. पातेल्याच्या कडेला राहिलेलं, अजून गरम असलेलं पुडिंग बोटानं निपटून खाणं हा स्वयंपाक करणाऱ्याचा हक्क आहे, आणि तो मी चारही वेळा बजावला.

सकाळी तिघंही फ्रीजपाशी. आधी बाजूला काढलेल्या दोन वाट्या. पहिली तिरकी केली. वाहिलं. दुसरी, तेच. मग उकळलेल्यातली एक. तिरकी केली, आणखी तिरकी केली, आडवी केली. पुडिंग एकदा थरथरलं आणि जागेवर राहिलं. चमचा घातला तर रबरासारखा तुकडा सुटला नाही. मऊ, जड असा गोळा आला आणि त्याच्या जागी गोलसर खड्डा राहिला, हळूहळू कडा ढिली सोडत. तोंडात गेल्यावर आधी गार, मग दाट, मग एकदम चॉकलेट. मी काही बोललो नाही. बायकोनं दुसरा चमचा घेतला, आणि मग माझ्या हातातली वाटीच घेतली.

फ्रीजमध्ये नऊ अंड्यांचे पांढरे भाग साठले होते. त्यांचं काय करायचं, हा वेगळा विषय आहे आणि तो आमच्याकडे आठवडाभर चालला.

मुलीनं सायीची वाटी निम्मी खाल्ली, उरलेली चमच्यासकट फ्रीजमध्ये ठेवली आणि झोपायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून तिची हाक आली.

"बाबा! पुन्हा पातळ झालंय!"

मी धावत गेलो. तिच्या वाटीत, जिथे चमचा रुतून बसला होता तिथे, तपकिरी पाण्याचं लहानसं तळं साठलं होतं. शेजारच्या वाट्या उघडून पाहिल्या. सगळ्या ठणठणीत, आडव्या केल्या तरी हलेनात.

"चमचा चाटून परत आत घातला होतास?"

ती गप्प.

"मग हे माझं नाही," म्हणालो मी. "ही तुझी लाळ आहे."